चढाचं पाणी

“काकी, इथं पाणीवाल्या बाई कुठं राहतात हो?” त्या मुलीनं विचारलं तेव्हा सुगंधाच्या हातात ओल्या बोंबलांची पिशवी होती, आणि सवयीनं मान जरा ताठ करून “अगं, मीच ती” म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कडेवरचं मूल सावरत मुलगी म्हणाली, “श्वेता नाव आहे त्यांचं. आम्ही कालच भाड्यानं आलोय, चौथ्या गल्लीत. सगळे म्हणाले, पाण्याचं काही असलं तर श्वेताताईंना भेटा.” सुगंधानं तोंड मिटलं. मग वर हात करून म्हणाली, “तिसरी गल्ली. निळं दार. दाराशी कोरफडीची कुंडी आहे.” इतकं नेमकं सांगायची काही गरज नव्हती. मुलगी थँक्यू म्हणून पायऱ्या चढायला लागली आणि सुगंधा तिथंच, किराणावाल्याच्या फळीपाशी, उभी राहिली. बोंबलांचं पाणी ठिबकून आपली चप्पल भिजलीय, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

विक्रोळीच्या टेकडीवरच्या कातळवाडीत बावीस वर्षं पाणीवाली म्हणजे सुगंधा घाडी. हे नाव तिनं स्वतः लावून घेतलेलं नव्हतं. दोन हजार तीन साली दीडशे बायका रिकामे हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या दारात बसल्या, तेव्हा तिथल्या शिपायानंच आत जाऊन सांगितलं होतं, “साहेब, त्या पाणीवाल्या बाई परत आल्यात.” बाकीच्या हसल्या, आणि नाव चिकटलं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. जयवंतची गिरणी बंद पडून तो कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागला होता, घरात दोन लहान मुलं होती, आणि टेकडीच्या पायथ्याशी एक नळ अख्ख्या वस्तीला. पाइपलाइन आली ती तिच्यामुळं. सामायिक पंप बसला तो तिच्यामुळं. चार गल्ल्यांना चार व्हॉल्व्ह, प्रत्येक व्हॉल्व्हची लोखंडी चावी त्या गल्लीतल्या एका बाईकडे, सकाळी सहा ते साडेसात पाणी, ही सगळी बसवलेली घडी तिची. पहिल्या गल्लीची चावी तिच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. लग्नाच्या पत्रिका यायच्या त्यावर जयवंतचं नाव आधी असलं तरी वाडीतली पोरं “पाणीवाल्या काकी आल्या” असंच ओरडायची. आता ती घरात शिरली, बोंबील मोरीत ठेवले आणि पाटावर बसून राहिली. जयवंतनं विचारलं, “काय गं, चक्कर आली काय?” ती म्हणाली, “नाही. बोंबील महाग झालेत.”

खरं म्हणजे हे आज झालेलं नव्हतं. गेल्या पाच-सहा महिन्यांत तिचा फोन वाजायचा थांबला होता. पूर्वी कुणाकडे पाणी कमी आलं, पाइप गळला, सासूसुनेचं वाजलं तरी तिचा फोन वाजायचा आणि ती कपाळाला हात लावून म्हणायची, “एक मिनिट चैन नाही मेली.” आता ती भाकऱ्या थापताना फोन ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवायची आणि तो गप्प पडून राहायचा. सगळं आता फोनमधल्या वाडीच्या ग्रुपवर चालायचं. ग्रुपवर सुगंधाही होती, पण तिथं बायका लिहायच्या, “श्वेता, आज प्रेशर मस्त,” आणि खाली हातांचे, फुलांचे तांडे. श्वेता राऊळ. आईच्या मांडीवर बसून हंडा मोर्चात शेंगदाणे खाल्लेली पोर. दहावीनंतर “काकी, मला पण येऊ द्या ना मीटिंगला” म्हणून मागं लागलेली. वॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा, वर तारीख घालायची, खाली पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे सुगंधानं तिला हाताला धरून शिकवलं. आता ती घाटकोपरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती, तोंडात इंग्रजी, खांद्यावर बॅग, आणि चालणं असं की पायऱ्या तिच्यासाठी कुणी कमी केल्यात.

आणि या पोरीनं चौथ्या गल्लीला पाणी चढवलं. चौथी गल्ली म्हणजे शेंड्यावरची, चाळीस घरं, जिथून पलीकडची खाडी दिसते आणि वारा पूर्वेचा असला की कांजूरच्या डम्पिंगचा वास सगळ्यात आधी पोचतो. तिथल्या नळांना पहिल्यापासून धार नव्हती. बायका पहिल्या गल्लीच्या टाकीपर्यंत उतरायच्या आणि भरलेल्या कळश्या वर न्यायच्या. “वर चढत नाही,” सुगंधानं हे वाक्य अठरा वर्षं इतक्या वेळा म्हटलं होतं की ते म्हणताना तिचा हात आपोआप उताराच्या दिशेनं फिरायचा, जणू टेकडीच तिच्या बाजूनं साक्ष देत होती. श्वेतानं वाद घातला नाही. पंधरा दिवस ती रोज सकाळी सहा वाजता, दवाखान्यात जाण्याआधी, वही घेऊन हिंडली, कुठल्या नळाला किती वाजता किती धार, हे लिहीत. मग तिन्ही खालच्या गल्ल्यांत एकेक बैठक घेतली. पहिल्या गल्लीची बैठक सुगंधाच्याच घरी झाली, तिनंच चहा केला. श्वेता म्हणाली, “आपण खालच्यांनी पहिली चाळीस मिनिटं व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. पाणी सरळ वर जाईल. मग सातला वीस कमी असताना आपले उघडायचे. आपल्याला कमी पडणार नाही, मी मोजलंय.” सुगंधा गाळणीतून चहा ओतत मनात म्हणत होती, आता बघ. आता विमला उठेल आणि वाजवेल. विमला मेस्त्री म्हणजे गल्लीतली सगळ्यात भांडकुदळ बाई, तिनं कुणासाठी कधी एक तांब्या सोडला नव्हता. विमला म्हणाली, “चाळीसच मिनिटं ना? मग त्यात काय! आधी कुणी विचारलंच नाही आम्हाला.” सुगंधाच्या हातून चहा बशीत सांडला. आठवड्यानं एका सकाळी शेंड्यावरून थाळ्या वाजल्याचा आवाज आला, बायकांचं ओरडणं आलं. जयवंत लेंग्यावरच वर धावला आणि अर्ध्या तासानं पेढा घेऊन आला. “अगं, चढलं गं पाणी! वरची नलिनी रडत होती.” तो पेढा तिनं खाल्ला. वर तांब्याभर पाणी प्यायली.

तेव्हापासून तिच्या अंगात काहीतरी येऊन बसलं होतं. ते दिवसा निजलेलं असायचं आणि श्वेताचा आवाज आला की उठायचं. श्वेताचं हसणं तिला लांबून ओळखू यायचं आणि मानेच्या मागं कुणी चिमटा घ्यावा तसं व्हायचं. एकदा कॉलेजची मुलं कॅमेरा घेऊन आली. श्वेतानं सुगंधाला बोलावून शेजारी उभं केलं आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, “हे सगळं काकींनी सुरू केलं. पाया त्यांनी घातला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधा हसली, नमस्कार केला, आणि घरी येऊन मोरीत तोंड धूत बसली. पाया. म्हणजे जे मातीखाली जातं ते. पोरगी वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण श्वेता वाकून नमस्कार करायची, दवाखान्यातून जयवंतच्या गोळ्या आणून द्यायची, सणाला करंज्या पाठवायची. तिच्यात खोट शोधता शोधता सुगंधा दमून जायची. मग रात्रभर सुचत नसलेलं सकाळी कुकरची शिट्टी होताना सुचायचं: ही बोलते फार. ही नखांना रंग लावते. हिला उद्या लग्न होऊन मुलुंडला नाहीतर चारकोपला जायचंय, मग वाडीचं काय?

त्या नव्या भाडेकरणीनं पत्ता विचारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुगंधा नेहमीसारखी चावी घेऊन व्हॉल्व्हपाशी गेली. पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह तिच्या घरामागं, गल्लीच्या काळ्या टाकीजवळ होता. तिथं त्या वेळी दुसरं कुणी यायचं नाही. खाली पंप सुरू झाल्याची घरघर आली. व्हॉल्व्ह बंदच होता, तिला फक्त सातला वीस कमी होईपर्यंत थांबायचं होतं. तिनं चावी बसवली आणि दोन आटे उघडला. फक्त दोन. पाइपात सुसू आवाज झाला आणि पाणी टाकीत पडायला लागलं. तिला वाटलं, बघूया तरी, एवढ्यानं काय होतंय. वर थोडं कमी जाईल. टाकी भरली, मग वरच्या आडव्या नळीतून पाणी बाहेर आलं आणि गटारात पडायला लागलं. स्वच्छ, प्यायचं पाणी. एका बादलीसाठी जिनं बायकांच्या झिंज्या सोडवल्या होत्या, ती सुगंधा घाडी गटाराकडे बघत उभी होती, आणि तिचा हात चावीवर होता, आणि तो हात हलला नाही. वरून कुणाची तरी हाक आली, “गे, पाणी गेला काय?” तेव्हा तिच्या छातीत जे झालं ते भय होतं असं तिला नंतर स्वतःला सांगावंसं वाटलं, पण ते भय नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी गोड काही खाल्ल्यासारखं होतं ते.

असं रोज चाललं. चौथ्या गल्लीत धार करंगळीएवढी झाली, मग थेंबांवर आली. ग्रुपवर फुलं बंद झाली. तिसऱ्या दिवशी विमला तिच्या उंबऱ्यात बसून म्हणाली, “घाडीकाकी, तुम्ही म्हणत होता तेच खरं. चढत नाही म्हणजे नाही. चार दिवस चढलं ते पंप दुरुस्त केला होता म्हणून.” सुगंधा म्हणाली, “जाऊ दे गं, पोरीनं प्रयत्न केला ना.” हे बोलताना आपला आवाज किती मोठ्या मनाचा येतोय, हे तिला ऐकू आलं. त्या दुपारी फोन वाजला, तीनदा. एक तर चौथ्या गल्लीतूनच होता. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “एक मिनिट चैन नाही मेली,” आणि जयवंत पेपरातून मान वर करून तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी श्वेता आली. दवाखान्यातून थेट आली होती, बॅग खांद्यावरच होती. तोंड उतरलेलं. ती खाली फरशीवर बसली आणि वही उघडून पुढं केली. “काकी, मला कळत नाहीये. मी सगळं परत मोजलं. पंप बघितला, प्लंबर आणला. दुसरी, तिसरी गल्ली बंदच असते, मी स्वतः उभी राहून बघितलं. वरच्या बायका काल माझ्या दारात येऊन ओरडून गेल्या. म्हणतात, आशा दाखवलीस आणि वाट लावलीस. तुम्ही सांगा ना, माझं कुठं चुकतंय?” सुगंधा वहीकडे बघत होती. निळ्या शाईतले आकडे, वेळा, घरांची नावं, मध्येच एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. दुसऱ्या, तिसऱ्या गल्लीपुढं रोज टिकमार्क होता. पहिल्या गल्लीपुढं काहीच नव्हतं. “पहिली नाही बघितलीस?” तिनं विचारलं. श्वेता म्हणाली, “पहिली तुमच्याकडे आहे ना. ती काय बघायची?”

यावर सुगंधानं काय म्हटलं असेल ते तिला पुढं कधी नीट आठवलं नाही. पंप जुना झाला, उन्हाळा आहे, असं काहीतरी. श्वेता मान हलवून उठली. दारापर्यंत सोडायला सुगंधा बाहेर आली तेव्हा समोरच्या पायऱ्यांवरून नलिनी चढत होती. चौथ्या गल्लीतली नलिनी परब, सुगंधाच्याच वयाची, कणकवलीकडच्याच गावची. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. पाच महिने ती या पायऱ्यांवर अशी दिसली नव्हती. एक पाय वरच्या पायरीवर ठेवायची, थांबायची, मग दुसरा पाय त्याच पायरीवर आणायची. लहान मूल चढतं तसं. श्वेता धावत गेली आणि तिच्या काखेतली कळशी घेतली. नलिनी तिच्यावर खेकसली, “सोड! तुझा पाणी नको माका.” तरी श्वेतानं कळशी सोडली नाही, मागोमाग चढत राहिली, बॅग एका खांद्यावर, कळशी दुसऱ्या कमरेवर, आणि वर वळताना तिनं बाहीनं डोळे पुसले. सुगंधाला वाटलं होतं की हे बघून तरी आतलं ते निवेल. ते निवलं नाही. कळशी पण हिनंच घेतली, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, तांदूळ निवडताना तिला काशीराम आठवला. म्हणजे त्याला ती कधी विसरलीच नव्हती, फक्त त्या बाजूला बघत नव्हती. काशीराम प्लंबर, ज्यानं सगळे व्हॉल्व्ह बसवले आणि पुढं गावी जाऊन वारला. दोन हजार सहा साली, मे महिन्यात, एका सकाळी तो म्हणाला होता, “वैनी, एक करून बघूया?” त्यानं खालचे तिन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि दोघं वर गेली. चौथ्या गल्लीतल्या शेवटच्या नळाखाली सुगंधानं ओंजळ धरली. आधी हवा फुसफुसली, मग गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ. ओंजळ भरून वाहिली. काशीराम हसून म्हणाला, “चढता तर!” त्या महिन्यात वाडीची पाणी समिती मोडायला आली होती. दुसऱ्या गल्लीतल्या बायका वेगळा पंप मागत होत्या, पहिली गल्ली तेवढी सुगंधाच्या पाठीशी उभी होती. त्यांना चाळीस मिनिटं नळ बंद ठेवा म्हणून कसं सांगायचं? आज नको, जरा स्थिर होऊ दे, पुढच्या महिन्यात काढू विषय. संध्याकाळी नलिनीनं पायऱ्यांवर विचारलं, “काय गे, वर यंदा तरी येतला?” आणि सुगंधा म्हणाली, “नाही गं. प्रेशर नाही. चढत नाही.” पुढच्या महिन्यात तिनं विषय काढला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग ते खरंच झालं. श्वेतानं काही शोधून काढलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं होतं, आणि विमला हो म्हणाली होती. एवढ्या वर्षांत विमलाला कुणी विचारलंच नव्हतं. ताटातले तांदूळ तसेच ठेवून सुगंधा भिंतीला टेकली. आपण श्वेताचा द्वेष करतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. पण श्वेताकडे बघितलं की दिसायची ती बत्तीस-पस्तिशीची बाई, ओंजळ भरलेली, जी तिथून तशीच वस्तीत धावत सुटायला हवी होती.

रविवारी संध्याकाळी पंपाच्या शेडपुढं मीटिंग होती. श्वेता उभी राहून सांगत होती की आपण आता जुनंच वेळापत्रक सुरू करूया, माझा अंदाज चुकला, मी माफी मागते. सुगंधा मागं बसली होती. पदरात लोखंडी चावी घेऊन आली होती, का ते तिचं तिलाही ठरलेलं नव्हतं. “अंदाज चुकला” हे शब्द आले आणि ती उठली. “तिचं चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह मी उघडत होते. सहा वाजता. दोन आटे. आठ दिवस, आज सकाळपर्यंत.” क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकदम गिल्ला झाला. विमला म्हणाली, “काकी, गटारात रोज पाणी वाहत होतं ते...?” चौथ्या गल्लीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या, कुणी शिवी दिली. जयवंत खाली मान घालून बसला होता. श्वेता गर्दीतून पुढं आली, सुगंधासमोर उभी राहिली. “मी तुमच्या घरी आले होते काकी,” ती हळू म्हणाली. “तुम्हाला विचारलं, माझं कुठं चुकतंय. आणि तुम्ही मला पंप जुना झालाय म्हणून सांगितलंत.” सुगंधाला वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडावं असं तिला फार वाटलं. श्वेतानं फक्त हात पुढं केला. “चावी द्या.” सुगंधानं दिली. श्वेतानं ती तिथंच विमलाच्या हातात ठेवली आणि वळून म्हणाली, “उद्यापासून सहा ते सातला वीस कमी, तिन्ही गल्ल्या बंद. वर पाणी येईल.” घरी परतताना मागून दोघीतिघी बोलत होत्या, “श्वेतानं बघ कसं घेतलं, एक वाईट शब्द नाही काढला.” म्हणजे हेही तिच्याच पदरात गेलं. सुगंधाच्या अंगात पुन्हा ते उठलं, तेवढंच, तसंच. हे आता आपल्याबरोबर राहणार, हे तिला त्या चढावर कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती वर गेली. मीटिंगमध्ये तिनं जे सांगितलं ते वाडीला सांगायचं होतं. जे उरलं होतं ते एका बाईला सांगायचं होतं. चौथ्या गल्लीत नळांपाशी बायका उभ्या होत्या, तिला बघून बोलणं थांबलं. कुणी वाट अडवली नाही, कुणी ये म्हटलं नाही. नलिनी दारातच नळाखाली कळशी लावून बसली होती. धार चांगली पडत होती. सुगंधा तिच्यासमोर उकिडवी बसली. “नलू, कालचं तू ऐकलंस. अजून एक आहे.” आणि तिनं सांगितलं. मे महिना, काशीराम, शेवटचा नळ, ओंजळ. संध्याकाळी पायऱ्यांवर तू विचारलंस तेव्हा माझे हात अजून ओले होते, असं वाटतंय मला. मला ठाऊक होतं. तेव्हापासून ठाऊक होतं.

नलिनी तिच्याकडे बघत राहिली. कळशी भरली, काठावरून पाणी फुटलं, तिच्या पायांवरून, ओट्यावरून गल्लीत वाहायला लागलं. जी बाई थेंब सांडला तर सुनेला बोलायची, तिनं हात हलवला नाही. पलीकडच्या बाईनं “नलूताई, नळ!” म्हणून हाक मारली तरी नाही. मग तिनं हळूच आपल्या लुगड्याचा काठ वर घेतला आणि दोन्ही गुडघे उघडे केले. सुजून गोल झालेले, कातडी ताणलेली, एकावर निळसर डाग.

“एकशे बारा पायऱ्या आसत,” नलिनी म्हणाली. “दिसाक चार फेऱ्यो. तुका हिशेब येता ना? कर.”

सुगंधा हात जोडायला गेली, तशी नलिनीनं मान हलवली. “नको. आज नको. उद्या पण नको.” तिनं काठ खाली सोडला, नळ बंद केला आणि भिंतीला धरून उभी राहायला लागली. उठवेना. तिनं इकडेतिकडे बघितलं, जवळ दुसरं कुणी नव्हतं. मग कपाळाला आठ्या घालून, तोंड दुसरीकडे फिरवून, तिनं सुगंधाच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार देऊन उठली. उठल्यावर लगेच हात काढून घेतला.

“जा आता खाली,” ती म्हणाली. “तुमचो टायम झालो. तुमच्याकडे पाणी येतला.”